मारोती मिस्त्रीचं औजार

मोटारसायकलची चेन आवळायला खास औजार लागतं का, असं यवतमाळात कुणाला विचारलं तर तो हसेल. दोन पाने असले की झालं, म्हणेल. आमच्या महागावात विचारलं तर माणूस आधी मागेपुढे बघेल, मग आवाज खाली आणून सांगेल की लागतं, आणि ते फक्त मारोती मिस्त्रीजवळ आहे.

मारोती मिस्त्री म्हणजे माझे बाबा. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. मी दीपा, त्यांची एकुलती एक मुलगी. बारावी सायन्स झाले, पुढे शिकायचं म्हणता म्हणता गॅरेजात येऊन बसले आणि मग उठलेच नाही. चार वर्षं झाली. पंक्चर, ब्रेक, क्लच, कार्बोरेटर, सगळं मी करते. चेनीला मात्र बाबा मला हात लावू देत नसत, आणि त्याचा मला मनस्वी राग होता.

कारण गॅरेजचं नाव होतं ते चेनीवरच. बाबांच्या हातची चेन परत येत नसे. पुसदहून, उमरखेडहून लोक येत. आणि चेन करायची त्यांची एक ठरलेली रीत होती. गिऱ्हाईक आलं की ते त्याला बाकावर बसू देत नसत. गाडी स्टँडवरून काढायची, त्याला तिच्यावरच बसवायचं, पाय जमिनीला टेकवायला लावायचे, आणि मग गप्पा सुरू. पोरगी कुठं दिली, सून माहेरून आली का, शेतात मजूर कुठून आणता, म्हातारीला दवाखान्यात कोण नेतं. नको नको त्या चौकशा. मला ऐकून ऐकून वीट आला होता. माझ्या मते कामाच्या वेळी बोलणारा माणूस निम्मं काम करतो आणि निम्मं बोलतो, आणि बिल पूर्ण कामाचं लावतो.

गप्पा झाल्या की बाबा कोपऱ्यात जात. तिथं जुन्या टायरांच्या मागे एक लहान पत्र्याची पेटी होती. करदोड्याला बांधलेल्या किल्लीने ते ती उघडत, सगळ्यांकडे पाठ करून अर्धा मिनिट काहीतरी करत, पुन्हा कुलूप लावत, आणि परत येऊन पाच मिनिटांत चेन करून देत.

त्या अर्ध्या मिनिटात काय होतं, हे तालुक्याला पडलेलं कोडं होतं. कुणी म्हणे बाहेरदेशाचं माप आहे. कुणी म्हणे कंपनीच्या साहेबाने खूश होऊन दिलेला पाना आहे. एका म्हाताऱ्याने तर मंतरलेली सुई आहे असं सांगितलं, आमच्या घरात मंत्रतंत्र चालत नाही हे पक्कं माहीत असून. मी बाबांना विचारलं की ते एकच सांगत, आधी काम शीक, औजार मागून येते.

मला ते पटायचं नाही. चेन आवळायला लागतं तरी काय? मागच्या चाकाच्या दांड्याची मोठी नटबोल्ट ढिली करायची. त्यासाठी एक मोठा पाना. दोन्ही बाजूंच्या लहान नटा सारख्या फिरवून चाक केसभर मागे सरकवायचं. त्यासाठी एक लहान पाना. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या की चाक सरळ. चेन मधोमध बोटाने दाबून पाहायची, किती सैल आहे ते. मोठी नट कसायची, झालं. हे मी डोळे मिटून सांगू शकत होते. मग तिसरी वस्तू कोणती, आणि ती लपवायची कशाला? जेवताना, गाडी धुताना, झोपेतही माझ्या डोक्यात ती पेटी असे.

कार्तिकात बाबांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, यवतमाळला. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस धूळ नको, ऑइल नको, वाकणं नको. म्हणून आत्याकडे राहायचं ठरलं. आईने लगेच चुलतभाऊ रोशनचं नाव काढलं. रोशनने आयटीआय केलंय, यवतमाळला शोरूममध्ये कामाला आहे. त्याला बोलावून घेऊ, तोच पुढं गॅरेज बघेल, असं आईचं म्हणणं. मी पुढं काय बघायचं, हे तिने सांगितलं नाही, पण दोन स्थळं येऊन गेली होती आणि दोघांनीही माझ्या नखांकडे पाहिलं होतं.

मी भाकरी तशीच ठेवून उठले. म्हटलं, चार वर्षं काळे हात मी केले, आणि दुकान रोशनला?  बाबांनी ताटात हात धुतला. मग म्हणाले, "माह्या हातची चेन परत येत नाही. या पंधरा दिवसांत चेनी तू कर. एकही परत आली नाही तं दुकान तुह्यं. आली तं रोशनले बोलवू."

मी हो म्हटलं. आणि पेटीची किल्ली?

किल्ली ते करदोड्यालाच बांधून यवतमाळला घेऊन गेले.

पहिल्याच संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मी ती पेटी उचलली. हलकी होती. हलवून पाहिली. आत लोखंड वाजलं नाही. काहीतरी सळसळलं, पातळ, कागदासारखं. नकाशा आहे का? कसला आकडा लिहून ठेवलाय का? कुलूप तोडायला हातोडी समोरच होती. पण तोडून मिळवलेलं दुकान मला नको होतं. पेटी जागेवर ठेवली आणि रात्री गाडीचं पुस्तक काढून वाचत बसले. पुस्तकात लिहिलं होतं की गाडी डबल स्टँडवर उभी असताना चेन दोन ते तीन सेंटिमीटर सैल असावी. म्हटलं, हे घ्या. छापील आकडा आहे, पेटी कशाला पाहिजे?

मग मला एक गोष्ट दिसली आणि मी जराशी हरखलेच. गॅरेजात जी जी जुनी गिऱ्हाइकं आली त्यांच्या चेनी मी मुद्दाम बोट लावून पाहिल्या. सगळ्या बाबांनीच केलेल्या. आणि एकही दुसरीसारखी नव्हती. कुणाची दोन बोटं सैल, कुणाची अडीच, कुणाची त्याहूनही जास्त. मला बाबांची दया आली. मोतीबिंदू काही एका दिवसात होत नाही. बिचाऱ्यांना कधीपासून नीट दिसत नसेल, आणि लाजेने बोलले नसतील. मी ठरवलं, यांच्या चुका आपण गुपचूप दुरुस्त करायच्या. सगळ्यांची चेन एका मापात, दोन सेंटिमीटर, कमी नाही, जास्त नाही.

तिसऱ्या दिवशी भगवानराव आले. नाल्यापलीकडच्या वस्तीवर त्यांचं शेत आहे, कपाशी आणि तूर. बाबांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आणि सगळ्यात किरकिरं. चेन कव्हरला लागून खडखडते म्हणाले. मी पाहिलं तर यांची चेन सगळ्यांत सैल, धुणं वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबत होती. भगवानराव सवयीने गाडीवर टांग टाकून बसायला गेले. मी त्यांना उतरवलं. म्हटलं, काका, तुम्ही बाकावर बसा, मला गाडी स्टँडवर घ्यायची आहे. ते बसले, पण तोंड थांबेना. आमची म्हैस, असं काहीतरी त्यांनी सुरू केलं. मी मान वर न करता म्हटलं, "काका, मले पान्याकडे ध्यान राहू द्या." ते गप्प झाले. मी पट्टी लावून मोजलं. बरोबर दोन. मनात म्हटलं, बाबा, या माणसाची गाडी इतकी वर्षं उगाच खडखडली.

चौथ्या दिवशी ते परत आले. गाडी कण्हते म्हणाले. खडखड नाही, खालून घुईं घुईं आवाज, जीव चालल्यासारखा.

 मी गाडी घेऊन हायवेपर्यंत जाऊन आले. आवाज नाही. तहसीलच्या चढावर नेली. नाही. भगवानराव स्वतः बसून गल्लीत दोन चकरा मारून आले. नाही. ते ओशाळले, पण म्हणाले की येते, घरी जाताना येते. मी चेन पुन्हा मोजली, तेल घातलं, खुणा पाहिल्या. सगळं बरोबर. तरी चेन परत आली हे खरंच होतं. एकदा आली ती परत येण्यात मोजायची की नाही, यावर मी रात्रभर माझ्याशीच भांडले.

त्या भांडणात मी एक खर्च केला. किती ते सांगत नाही, आईला अजून माहीत नाही. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात परदेशातला माणूस चेनीवर एक लहान चिमटा बसवतो, चिमट्यातून लाल किरण निघतो, आणि चेन सरळ रेषेत आहे का ते दिसतं. मला वाटलं, हेच. पेटीत हेच असणार, नाहीतर याचं जुनं भावंड. मागवलं. कुरिअर आलं तेव्हा पुन्हा भगवानराव दारात उभे होते. तोच आवाज, तेच कण्हणं. मी लाल दिव्याचं औजार बाहेर काढल्यावर चहाच्या टपरीवरून पाच-सहा जण बघायला आले. चेनीवर बारीक लाल रेष पडली. मी चाक अर्ध्या केसाने सरकवलं, रेष मधोमध आणली. लोकांनी मान डोलावली. भगवानरावांनी तर रेषेला नमस्कारच केला असता. मी छाती काढून म्हटलं, आता येणार नाही.

तीन दिवसांनी टपरीवर ते सगळ्यांना सांगत होते की पोरीच्या हातात काम आहे, पण औजार नाही. लाल दिवा पाहून घेतला, आवाज तसाच. मारोतीभाऊ येऊ द्या, मग पाहू. हे सगळं मला टपरीवाल्याने येऊन सांगितलं, माझ्या काळजीपोटी म्हणे. त्या दिवसापासून चेनीवाली गिऱ्हाइकं दारातून वळून जायला लागली. पंक्चर घेऊन येत, ब्रेक घेऊन येत. चेनीचं विचारलं की म्हणत, तिची काही घाई नाही.

आईने रोशनला फोन केला. तो बॅग घेऊन आला, आणि खरं सांगायचं तर माझी बाजू घेऊनच आला. भगवानरावांची गाडी त्याने दोनदा तपासली. म्हणाला, दीपा, हे पुस्तकाबरहुकूम आहे, शोरूममध्येही याहून नीट करत नाहीत. म्हाताऱ्याचे कान वाजत असतील. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. कारण भगवानराव किरकिरे आहेत, खोटे नाहीत. आवाज येतो म्हणतात म्हणजे कुठंतरी येतो.

त्याच रात्री बाबांचा फोन आला. डोळा बरा होता. मी म्हणाले की भगवानरावांची चेन परत आली. लपवावंसं वाटलं होतं, पण तोंडातून निघून गेलं. बाबा रागावले नाहीत, काही शिकवलं नाही. विचारलं ते भलतंच.

"त्याची म्हैस व्याली काय?"

माझं डोकं फिरलं. इथं माझं दुकान हातचं चाललंय आणि यांना म्हशीची पडलीय. मी म्हटलं मला काय माहीत, मी काय ढोरांची डॉक्टर आहे? फोन ठेवून दिला. नंतर अंथरुणावर पडल्यापडल्या वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यापेक्षा एक वेगळीच गोष्ट मला छळत होती. एक आवाज आहे जो नाल्यापलीकडे येतो आणि गल्लीत येत नाही. गाडी तीच. चेन तीच. माणूस तोच. मग तिथं असं काय आहे जे इथं नाही? सायन्सच्या बाईंनी आम्हांला शिकवलं होतं की दोन ठिकाणी उत्तर वेगळं आलं की उत्तर सोडा आणि फरक शोधा. मी इतके दिवस चेन बघत होते. फरक बघितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. रोशनला गॅरेजात बसवलं आणि मी दोन पाने ओढणीत गुंडाळून नाल्याच्या पुलावर जाऊन उभी राहिले. भगवानराव बाजार करून इथूनच परत जातात. कापसाच्या गाड्या जात होत्या, ओळखीचे लोक थांबून विचारत होते की इथं काहून उभी. मी म्हटलं, आवाज ऐकायला. ते मान हलवत पुढं गेले.

ऊन कलायला लागल्यावर तो आवाज आला. गाडी दिसायच्या आधी आला. घुईं घुईं, घुईं घुईं.  मग वळणावरून गाडी निघाली. पुढं भगवानराव, टाकीला चिकटून. त्यांच्या मागं सरकीच्या ढेपीचं पोतं, पन्नास किलोचं, सीटवर उभं. आणि पोत्याच्या मागं कॅरिअरला पाठ टेकून हंसाबाई, त्यांची बायको, मांडीवर भाजीची पिशवी. मागचं चाक मडगार्डला शिवायचंच बाकी होतं.

मी हात करून गाडी थांबवली. कुणाला उतरू दिलं नाही. रस्त्यावर तशीच बसले आणि चेन कव्हरचं रबरी बूच काढून आत बोट घातलं. चेन दाबली. हललीच नाही. जिला मी पट्टीने मोजून दोन सेंटिमीटर सैल ठेवली होती ती आता ताणून कडक झाली होती. मी हंसाबाईंना उतरा म्हणाले. त्या उतरल्या. चेन सैल. बसा म्हणाले. बसल्या. कडक. उतरा. सैल. पुन्हा बसा म्हटल्यावर हंसाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मी काय वजनकाटा आहो काय वं?"

मला हसू आलं आणि रडूही यायला लागलं. किती साधी गोष्ट. ओझं पडलं की मागचं चाक वर जातं, चाक वर गेलं की चेन ताणते. रिकाम्या गाडीची चेन आणि भरल्या गाडीची चेन या दोन वेगळ्या चेनी आहेत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मागचं चाक धरणारा चिमटा, शॉकअप, चाकाचा दांडा, सगळं मी शंभरदा खोललंय. पण गाडी माझ्याकडे नेहमी रिकामी येते. गॅरेजात येताना भगवानराव बायकोला बाजारात सोडत, पोतं दुकानदाराकडे ठेवत, आणि सडाफटिंग येऊन उभे राहत. मी रिकाम्या गाडीची चेन करत होते. ते भरली गाडी चालवत होते.

मी विचारलं, पोतं कधीपासून नेता? भगवानरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पुलाखाली जावंसं वाटलं.

"म्हैस व्याली ना आमची. ढेप लागते आता दर बाजारी. मी तं पयल्याच दिवशी सांगून राह्यलो होतो तुले. तू म्हणे, पान्याकडे ध्यान राहू द्या."

मी मान खाली घातली. पुलाच्या कठड्याला गाडी टेकवली, मोठा पाना, लहान पाना, दोन्ही बाजूंनी सारखे फेरे सोडले. तिघांना, म्हणजे दोघांना आणि पोत्याला, पुन्हा बसवलं. बोट घातलं. बोटभर हलली. पुन्हा उतरवलं, मोठी नट कसली, पुन्हा बसवलं. हंसाबाई आता तक्रार करेनाशा झाल्या होत्या. उलट पोतं डावीकडे झुकतंय की उजवीकडे हे त्याच सांगायला लागल्या. गाडी निघाली. मी कान देऊन ऐकत राहिले. वळणापर्यंत चेनीचा आवाज नाही, फक्त हंसाबाईंचा.

परत चालत येताना मला बाबांच्या सगळ्या चेनी एकेक करून आठवल्या. दोन बोटांची कुणाची होती? तलाठ्याची, एकटाच फिरतो. अडीच बोटांची मास्तरांची, बायको शाळेत सोबत जाते. सगळ्यांत सैल भगवानरावांची. म्हणजे डोळ्याने दिसत नव्हतं ते मला, बाबांना नाही. आणि त्या गप्पा. पोरगी कुठं दिली, म्हातारीला दवाखान्यात कोण नेतं. मी रस्त्यातच थांबले. तो माणूस इतकी वर्षं माप घेत होता, आणि मी समजत होते की वेळ घालवतोय.

फक्त एक उरलं होतं. पेटी.

बाबा पंधराव्या दिवशी यष्टीने आले, काळा चष्मा लावून. बसस्टँडवरून घरी न जाता थेट गॅरेजात. आई मागोमाग आली. रोशन आत हात पुसत उभा होता. बाबांनी बाकावर बसून पाणी घेतलं आणि किती परत आल्या ते विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं, रोशनने जमिनीकडे. भगवानरावांचा आवाज गेला होता, त्यांनी टपरीवर तसं सांगितलंही होतं. मी एकही नाही म्हटलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती.

मी म्हटलं, एक आली. दोनदा.

आई हळूच म्हणाली की मग ठरल्याप्रमाणे रोशनचं बघू.  ठरलं होतंच तसं. बाबांनी तिला हाताने थांबवलं आणि मला विचारलं, "मंग तिसऱ्यांदा काहून नाही आली?"

"म्हैस व्याली, बाबा."

बाबांनी चष्मा काढला, डोळा पुसला, डॉक्टरांनी हात लावू नका सांगितलं होतं तरी. मग सदऱ्याखाली हात घालून करदोड्याची गाठ सोडायला लागले. त्यांना ती एका हाताने सुटेना. मी सोडली. किल्ली माझ्या हातात आली तेव्हा ती गरम होती.

मी पेटी उघडली. रोशनही वाकून बघत होता. आत पारदर्शक पन्नीत बांधलेल्या तीन पुड्या होत्या. पंधरा दिवसांत वाळून कडक झालेला खर्रा. तंबाखू, सुपारी, चुना. दुसरं काही नाही. पाच वर्षांपूर्वी चौदा एप्रिलला बाबांनी सगळ्या वस्तीसमोर खर्रा सोडला होता. आईने त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या. आता तिने एक पुडी उचलली, नाकाजवळ नेली, आणि बाबांकडे बघत राहिली.

"हे औजार हाय काय तुमचं?" ती म्हणाली.

बाबांनी चष्मा पुन्हा लावून घेतला.

आईने तिन्ही पुड्या नालीत टाकल्या आणि रोशनला घरी जेवायला चल म्हणाली. त्याला सकाळच्या गाडीने परत जायचं असेल ना, असंही विचारलं. रोशन हसला. जाताना मला म्हणाला की शोरूमला यापुढे चेनीवाला माणूस आला की तोही आधी विचारेल. आई दुकानाबद्दल चकार शब्द बोलली नाही, आणि तिचं न बोलणं मला कळतं.

आम्ही दोघंच राहिलो तेव्हा मी बाबांवर चिडले. म्हटलं, एवढंच होतं तर मला आधी सांगायला काय झालं होतं? भरल्या गाडीचं माप घे, एवढं एक वाक्य. मी चार वर्षं त्या पेटीमागे लागले. पंधरा दिवस मला झोप नाही.

बाबा म्हणाले, "सांगतलं असतं तं तू गिऱ्हाइकाले गाडीवर बसवलं असतं. इचारलं नसतं. गाडीवर बसते एक माणूस, पोरी. घरचे चार दुकानात येत नाहीत. ते कसे बसवशीन?"

 लाल दिव्याचं औजार मी त्या पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. ते वाईट नाही. चाक सरळ आहे का एवढं चोख सांगतं. गाडीवर कोण बसणार आहे ते त्याला कळत नाही. किल्ली कुठं ठेवायची याचा विचार करत होते, तेवढ्यात दारात गाडी थांबली. मुडाण्याकडचा एक अनोळखी माणूस होता. चेन करायची म्हणाला, आणि बाबांच्या काळ्या चष्म्याकडे आणि माझ्या हातातल्या किल्लीकडे आळीपाळीने पाहिलं.

"औजार पोरीजवळ आलं काय?" त्याने बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तो माणूस बाकाकडे निघाला होता. मी त्याची गाडी स्टँडवरून काढली आणि सीटवरची धूळ फडक्याने झटकली.

"आलं. इथं बसा, गाडीवर," मी म्हटलं. "घरी कोण कोण असते?"